फळ्यावरचं समीकरण आणि तळाची बारीक अक्षरं

'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेच्या १९९८ सालच्या एका भागात होमर सिम्पसनला एकाएकी शोध लावायची हुक्की येते. फळ्यापुढे उभा राहून तो बरंच काही खरडतो, आणि त्या गर्दीत एक ओळ असते: ३९८७चा बारावा घात अधिक ४३६५चा बारावा घात बरोबर ४४७२चा बारावा घात. ओळ पडद्यावर जेमतेम टिकते. दहा अंक दाखवणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेऊन तपासली, तर ती चक्क बरोबर निघते. डावीकडची बेरीज करून तिचं बारावं मूळ काढा, समोर ४४७२ येतात. मागे शेपूट नाही, काही नाही.

पण असं होणं अशक्य आहे. फर्माचं शेवटचं प्रमेय म्हणतं की दोनपेक्षा मोठा कुठलाही घात घेतला, तर धन पूर्णांकांचं असं त्रिकूट मिळत नाही. साडेतीनशे वर्षं रखडलेली त्याची सिद्धता अँड्र्यू वाइल्स यांनी १९९५मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा एक तर वाइल्स चुकले किंवा कॅल्क्युलेटर. दोन्ही बाजूंच्या संख्या ४४ अंकी आहेत. पहिले दहा अंक सारखे, ६३९७६६५६३४. अकराव्या जागी डावीकडे ९ आहे आणि उजवीकडे ८. दहा अंकांपलीकडे न पाहणाऱ्या यंत्राला हा फरक कळायचा कसा?

खोटेपणा पकडायला यंत्र लागतच नाही. ३९८७च्या अंकांची बेरीज २७, ४३६५ची १८. दोन्ही संख्यांना ३ने भाग जातो, म्हणजे त्यांच्या बाराव्या घातांनाही जातो आणि बेरजेलाही. उजवीकडे ४४७२, अंकांची बेरीज १७, भाग जात नाही. संपलं. शाळेतली विभाज्यतेची कसोटी इथे ४४ अंकी संख्यांचा निकाल लावते.

१९९५च्या एका भागात याच जातीची आणखी एक ओळ येऊन गेली होती: १७८२ आणि १८४१ यांचे बारावे घात मिळून १९२२चा बारावा घात. ती आणखी लवकर सापडते. सम अधिक विषम म्हणजे विषम, आणि उजवी बाजू सम. होमरचं त्रिकूट मात्र ही परीक्षा पास होतं. दोन विषमांची बेरीज सम येते. एककस्थानही जुळतं: ७चा बारावा घात १वर संपतो, ५चा ५वर, बेरीज ६वर, आणि २चा बारावा घात ४०९६. ही त्रिकुटं शोधायला डेव्हिड एक्स. कोहेन या लेखकाने चक्क संगणकाचा प्रोग्रॅम लिहिला होता.

असा प्रोग्रॅम कुणालाही दहा-बारा ओळींत लिहिता येतो. घात ठरवा, दोन संख्यांच्या सगळ्या जोड्या फिरवा, बेरजेचं मूळ काढा, सर्वांत जवळचा पूर्णांक घ्या आणि किती हुकलं ते मोजून क्रम लावा. फसगत होते ती एकाच ठिकाणी. संगणकातले साधे दशांश जेमतेम पंधरा-सोळा अंक सांभाळतात, त्यामुळे फार जवळचं त्रिकूट आलं की प्रोग्रॅम स्वतःच फसतो आणि फरक शून्य सांगतो. शेवटची तपासणी पूर्णांकांतच करावी लागते. सुरुवात घनांपासून केली तर ९ आणि १० यांच्या घनांची बेरीज १७२९ हाती लागते. १२चा घन १७२८, म्हणजे एकाने हुकलं. हीच रामानुजनांची १७२९, आणि कोहेन यांच्याच 'फ्युचुरामा' मालिकेत यानाच्या नोंदणी क्रमांकातही ती बसवलेली आहे.

या लेखकांनी प्रेक्षकाला न सांगता त्याच्यासाठी काम करून ठेवलं, हे मला फार आवडतं. उलट बऱ्याच चित्रपटांत फळा फक्त भीती घालायला असतो.

'गुड विल हंटिंग' (१९९७) घ्या. एमआयटीच्या बोळातल्या फळ्यावर प्राध्यापकांनी दिलेलं कोडं सफाई कामगार सोडवतो आणि सगळे अवाक होतात. त्यातला एक प्रश्न असा: दहा ठिपके रेषांनी असे जोडा की सगळी आकृती एकसंध राहील, कुठेही बंद वळसा होणार नाही, आणि कुठल्याही ठिपक्याला नेमक्या दोन रेषा येणार नाहीत. अशा किती वेगवेगळ्या आकृत्या निघतात? नायक फळ्यावर आठ काढतो, उत्तर दहा आहे. आणि हे दहा शोधायला अर्धा तास, कागद आणि थोडी शिस्त पुरते.

शिस्त म्हणजे काय, ते बघा. दहा ठिपके बंद वळशाशिवाय एकसंध जोडायला नऊ रेषा लागतात. प्रत्येक रेषेला दोन टोकं, म्हणून सगळ्या ठिपक्यांवर येणाऱ्या टोकांची बेरीज १८. ज्या ठिपक्याला एकच रेषा येते त्याला पान म्हणू, बाकीच्यांना सांधा. सांध्याला किमान तीन रेषा हव्यात, कारण दोनला बंदी आहे. सांधे क असतील तर पानं १० वजा क, आणि सांध्यांवरच्या टोकांची बेरीज ८ अधिक क. प्रत्येकाला किमान तीन द्यायचे तर क चारच्या वर जात नाही. एवढ्यावर प्रश्न आवाक्यात आला.

सांधा एकच असेल तर नऊ पानांचा तारा, एक आकृती. सांधे दोन असतील तर टोकांची बेरीज १०, तिची वाटणी ३-७, ४-६ किंवा ५-५, म्हणजे तीन आकृत्या. तीन सांधे एका रांगेतच येतात आणि बेरीज ११ होते. वाटणी ३-३-५ किंवा ३-४-४. इथे घाई केली की चुकतं, कारण मधे कोण बसतो यावर आकृती बदलते. पहिल्या वाटणीत मधे ३ किंवा ५, दुसरीत मधे ३ किंवा ४, अशा चार. चार सांध्यांना प्रत्येकी तीनच रेषा मिळतात. ते सरळ रांगेत बसतात, नाहीतर एक मधे आणि तीन भोवती, म्हणजे आणखी दोन. एक, तीन, चार, दोन. झाले दहा. हातानं मोजणारे बहुधा तीन सांध्यांच्या गटातच एखादी आकृती विसरतात किंवा तीच आकृती वाकवून दोनदा काढतात.

आकडे खरोखर पणाला लागतात ते खेळांच्या कार्यक्रमांत. ब्रिटनमध्ये १९८२पासून चालू असलेल्या 'काउंटडाउन'मध्ये सहा संख्या आणि एक तीन अंकी लक्ष्य देतात. वेळ तीस सेकंद, प्रत्येक संख्या जास्तीत जास्त एकदा वापरायची. १९९७च्या एका डावात संख्या आल्या २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६. लक्ष्य ९५२. स्पर्धकाने सांगितलं: १०० अधिक ६ म्हणजे १०६, गुणिले ३ म्हणजे ३१८, गुणिले ७५ म्हणजे २३,८५०, वजा ५० म्हणजे २३,८००, भागिले २५ म्हणजे ९५२. स्टुडिओत हशा पिकला, कारण तोंडी पाच आकड्यांपर्यंत जाऊन परत येणारा माणूस अमानवी वाटतो. पण उलट वाटेने बघा. ७५ भागिले २५ म्हणजे ३, ५० भागिले २५ म्हणजे २. म्हणजे लक्ष्य झालं ३१८ गुणिले ३ वजा २, ९५४ वजा २. अडचण एकच, २५ एकदाच वापरता येतो आणि भागायचं आहे दोघांना. म्हणून भागाकार शेवटपर्यंत लांबवायचा आणि एका फटक्यात सगळ्याला भागायचं. भले मोठे आकडे त्या लांबवण्यातून आले.

अमेरिकेतल्या 'लेट्स मेक अ डील' (१९६३पासून) या कार्यक्रमाच्या सूत्रधाराच्या नावाने ओळखला जाणारा मॉन्टी हॉल प्रश्न आता सगळ्यांना पाठ आहे. तीन दारं, एकामागे मोटार, दोनांमागे बकऱ्या. तुम्ही दार निवडता, सूत्रधार उरलेल्यांपैकी बकरीचं दार उघडतो आणि विचारतो, बदलायचं का? स्टीव्ह सेल्विन यांनी १९७५मध्ये तो छापला आणि मेरिलिन व्होस सॅव्हंट यांनी १९९०मध्ये आपल्या सदरात 'बदला' असं उत्तर दिलं, तेव्हा पदवीधारकांनीही त्यांना पत्रांतून फैलावर घेतलं. उत्तर बरोबर होतं: बदलल्यास जिंकण्याची शक्यता दोन तृतीयांश.

मात्र पाठ करणारे लोक एक अट गाळतात. मोटार कुठे आहे हे सूत्रधाराला माहीत असलं पाहिजे, आणि त्याने दर वेळी मुद्दाम बकरीचंच दार उघडलं पाहिजे. ३०० डाव घ्या. १०० वेळा तुमचं पहिलं दार बरोबर, २०० वेळा चूक. जाणत्या सूत्रधारासमोर त्या २०० वेळा बदललं की जिंकलात. आता आंधळा सूत्रधार घ्या, मनाला येईल ते दार उघडणारा. त्या २००पैकी १०० वेळा तो मोटारीचंच दार उघडून बसतो आणि डाव बाद होतो. उरलेल्या २०० डावांत तुम्हाला तीच बकरी दिसते, पण १०० वेळा न बदलणारा जिंकतो आणि १०० वेळा बदलणारा. निम्मं निम्मं. दिसलं तेच, शक्यता वेगळी. पत्त्यांवर हा प्रयोग करणाऱ्यांचं उत्तर निम्म्याच्या आसपास आलं, तर वाटणारा पत्ते न बघता उलटतोय आणि एक्का उघडा पडलेले डाव टाकून देतोय असं खुशाल समजावं.

यातूनच दुसरी एक चूक निघते. चार पर्यायांच्या प्रश्नमंजूषेत फिफ्टी-फिफ्टी घेतली, मनातल्या मनात धरलेला पर्याय शिल्लक राहिला, म्हणून 'आता बदलायला हवं' असा सल्ला हुशार लोकही देतात. संगणकाला तुमच्या मनातलं माहीत नसतं. तो कोणतेही दोन चुकीचे पर्याय उडवतो. निव्वळ अंदाजाने धरलेले ४०० प्रश्न घ्या: १०० वेळा अंदाज बरोबर, ३०० वेळा चूक, आणि चुकीचा अंदाज तीनांतून एकदा शिल्लक राहतो, म्हणजे १०० वेळा. पुन्हा निम्मं निम्मं. इथे बदलून काही मिळत नाही.

प्रेक्षकांचा कौल मात्र स्वस्तात मिळालेलं शहाणपण आहे. शंभरातल्या बाराच जणांना उत्तर येत असेल आणि ८८ जण डोळे मिटून बटण दाबत असतील, तरी चार पर्यायांवर २२-२२ मतं पडतात आणि बरोबर उत्तराला ३४. बारा जण पुरतात. गणित कोसळतं ते अंदाज समान न पसरता एकाच चकवणाऱ्या पर्यायाकडे झुकले की. म्हणून तो कौल सोप्या आणि मध्यम प्रश्नांवरच वापरावा.

शक्यतांचा सगळा हिशेब ज्या गृहीतावर उभा असतो, तेच १९८४मध्ये 'प्रेस युअर लक' या अमेरिकी टीव्ही खेळात एका स्पर्धकाने उखडून काढलं. अठरा चौकोनांवर दिवा उड्या मारायचा, स्पर्धकाने बटण दाबून तो थांबवायचा, आणि वाईट चौकोन लागला की सगळे पैसे गेले. मायकल लार्सनने भाग रेकॉर्ड करून पुनःपुन्हा पाहिले तेव्हा त्याला दिसलं की उड्यांचे नमुने पाचच आहेत, आणि चौथ्या व आठव्या चौकोनात कधीच धोका नसतो, पैसे आणि जादा फिरकी नक्की असते. त्याने चाळीसहून अधिक फिरक्या सलग निभावल्या आणि १,१०,२३७ डॉलर नेले. फिरकीला सहात एक धोका धरला, तर चाळीस फिरक्या सुखरूप जाण्याची शक्यता साधारण दीड हजारात एक. असा आकडा समोर आला की नशीब थोर म्हणण्याआधी यंत्र खरंच यदृच्छेने चालतं का, हे बघायचं असतं. वाहिनीने बघितलं, फसवणूक सापडली नाही, पैसे द्यावे लागले.

जाहिरातीतल्या गणिताला फळाही नसतो. १९९६ची पेप्सीची अमेरिकेतली योजना बघा. बाटल्यांवरचे गुण साठवा, वस्तू मिळवा. जाहिरातीच्या शेवटी गंमत म्हणून ७० लाख गुणांना हॅरियर लढाऊ विमान दाखवलं. नियमांत एक ओळ होती: किमान १५ गुण स्वतःचे असतील तर उरलेले दहा सेंटला एक या दराने विकत मिळतील. एका विद्यार्थ्याने गुणाकार केला. ७०,००,०००तून १५ वजा, ६९,९९,९८५ गुणांचे ६,९९,९९८.५० डॉलर, वर पाठवणीचे १०. त्याने ७,००,००८.५० डॉलरचा धनादेश पाठवून विमान मागितलं, ज्याची किंमत सुमारे २.३ कोटी डॉलर होती. न्यायालयाने १९९९मध्ये ही जाहिरात म्हणजे देकार, म्हणजे करारासाठी पुढे केलेला प्रस्ताव, नव्हे असा निकाल दिला. तोवर कंपनीने जाहिरातीतले गुण ७० कोटी करून टाकले होते. म्हणजे ७ कोटी डॉलर. जाहिरात करण्याआधी हाच गुणाकार केला असता तर वकिलांचा खर्च वाचला असता.

याच कंपनीची फिलिपिन्समधली १९९२ची चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. झाकणाच्या आत तीन अंकी क्रमांक, जाहीर होणाऱ्या क्रमांकाला दहा लाख पेसोंपर्यंत बक्षीस. बक्षिसाचे क्रमांक मोजक्या झाकणांवर छापायचे आणि बिनबक्षिसाचे भरमसाठ, असा बेत. मे महिन्यात ३४९ जाहीर झाला, आणि तो नेमका बिनबक्षिसाच्या यादीतला निघाला. सुमारे ८ लाख झाकणांवर तो होता. आठ लाख गुणिले दहा लाख म्हणजे ८०,००० कोटी पेसो. दंगे झाले, माणसं मेली, खटले २००६पर्यंत चालले.

रोजच्या जाहिरातीत एवढं काही घडत नाही, तिथे फक्त छेद लपवतात. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २००७मध्ये '८० टक्क्यांहून अधिक दंतवैद्य कोलगेटची शिफारस करतात' हा दावा रोखला. आकडा खोटा नव्हता. पाहणीत दंतवैद्यांना एकाहून अधिक नावं सांगायची मुभा होती, आणि दुसऱ्या एका टूथपेस्टचं नावही जवळपास तितक्यांनीच घेतलं होतं. अशा प्रश्नात सगळ्यांच्या टक्क्यांची बेरीज १००च्या कितीही वर जाऊ शकते, पण वाचणारा १००तून ८० वजा करतो आणि बाकीच्यांना २०त कोंबतो.

'५० टक्के जादा मोफत' आणि '३३ टक्के सूट' यांत पहिलं मोठं वाटतं. तेवढ्याच पैशात दीडपट माल, म्हणजे दर दोन तृतीयांश, म्हणजे सूट ३३.३ टक्के. दोन्ही एकच. '५० टक्के, त्यावर आणखी ४० टक्के' म्हणजे ९० नव्हे, ७०: शंभराचे पन्नास झाले, पन्नासाचे तीस उरले. '९९.९ टक्के जंतूंचा नाश' वाचताना डोळा उरलेल्या ०.१वर ठेवावा. दहा लाखांतले हजार उरतात. ९९ टक्केवाला दहा हजार उरवतो, म्हणजे दिसायला ०.९चा फरक आणि उरलेल्यांत दहापट. अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होणारे जीवाणू असतील तर हजाराचे दहा लाख व्हायला दहा दुपटी, साधारण सव्वातीन तास.

राहता राहिली प्रेक्षकसंख्या, जिच्यावर या जाहिरातींचे दर ठरतात. हजार घरांच्या नमुन्यात एक मालिका ५ टक्के घरांत लागली, दुसरी ६ टक्के. दुसरी पुढे म्हणायची? हजार घरांत या दोन आकड्यांच्या फरकाची चूक, ९५ टक्के खात्री धरली तर, दोन टक्क्यांच्या आसपास येते, आणि फरक आहे एकाचा. काहीच सिद्ध होत नाही. देशात घरं किती आहेत याने त्यात फारसा फरक पडत नाही, नमुना किती मोठा आहे याने पडतो, आणि तोही वर्गमुळाने: चूक निम्मी करायची तर घरं चौपट. एका टक्क्याचा हा फरक पक्का म्हणायला सव्वाचार हजार घरं लागतील. यावर पळवाट म्हणून चार आठवड्यांची सरासरी काढतात आणि हजाराची चार हजार घरं झाली असं मानतात. घरं तीच असतील तर तसं होत नाही. ज्या घरात ती मालिका लागते तिथे ती सहसा दर आठवड्याला लागते, आणि जिथे लागत नाही तिथे सहसा चारही आठवडे लागत नाही.